दक्षिणेचा हक्क

घरी सत्यनारायण आहे. गुरुजी साडेदहाला येतात आणि साडेबाराच्या सुमारास दक्षिणा घेऊन पुढच्या यजमानाकडे जातात. घरातली बाई मात्र पहाटेच उठलेली असते. देवाची भांडी घासायची, चौरंगाला केळीचे खांब बांधायचे, रांगोळी, पंचामृत, सव्वाच्या मापानं रवा भाजून प्रसाद, मग पंचवीस-तीस माणसांचं जेवण, आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा भांडी. मध्ये तासभर ती नवऱ्याशेजारी पाटावर बसते. संकल्प तो सोडतो, ती त्याच्या हाताला हात लावते.

सरकारी पाहणीत हा दिवस कसा लिहिला जाईल? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर वेळ-वापर पाहणी केली. त्यात माणसाच्या दिवसातली प्रत्येक कृती संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणानुसार नऊ गटांपैकी एकात घातली गेली. या हिशोबानं गुरुजींचे दोन तास पहिल्या गटात जातात, म्हणजे रोजगारात. बाईनं भाजलेला रवा आणि घासलेली भांडी तिसऱ्या गटात, म्हणजे घरच्यांसाठी विनामोबदला केलेल्या कामांत. आणि तिनं पाटावर बसून केलेली पूजा सातव्या गटात. या सातव्या गटात गप्पाटप्पा, भेटीगाठी, सामुदायिक सहभाग आणि धर्माचरण अशी सगळी एकत्र मोट बांधलेली आहे. पूजा एकच, देव एकच, मंत्र एकाच वेळी दोघांच्या कानावर पडलेले. एकाचा तो रोजगार ठरतो आणि दुसरीची वैयक्तिक बाब.

या पाहणीतले मोठे आकडे बऱ्याच जणांनी वाचले असतील. दिवसभरात घरकाम केलं असं सांगणाऱ्या स्त्रिया 81.2 टक्के होत्या आणि पुरुष 26.1 टक्के. जे करतात त्यांतल्या स्त्रियांची सरासरी 299 मिनिटं, पुरुषांची 97. पुढची पाहणी 2024 मध्ये झाली. त्यात स्त्रियांची मिनिटं 289 वर आली आणि पुरुषांची 88 वर. दोघांचीही घटली, दरी तिथल्या तिथे. या आकड्यांवर लेख आले, चर्चा झाल्या. सातव्या गटाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. एखाद्या मोठ्या सणाच्या आठवड्यात घरातल्या बाईचा किती वेळ धर्मासाठी जातो, हे या कोष्टकातून काढता येत नाही. कारण पुरणपोळीचा वेळ स्वयंपाकात जातो, नैवेद्य दाखवण्याचा धर्माचरणात आणि हळदीकुंकवाचा गप्पांत.

यात सांख्यिकीवाल्यांचा दोष नाही. मोबदला मिळतो ते काम, ही समाजाची समजूत त्यांनी फक्त इमानदारीनं कोष्टकात उतरवली. माझा मुद्दा त्या समजुतीबद्दल आहे. स्त्रिया आणि धर्म हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच प्रवेशावर जाते: गाभाऱ्यात जाऊ द्यायचं की नाही, चौथऱ्यावर चढू द्यायचं की नाही, विटाळ मानायचा की नाही. हे प्रश्न खरे आहेत. पण धर्म ही श्रमाची आणि उत्पन्नाचीही एक व्यवस्था आहे. तिच्यात कुणाचे श्रम फुकट, कुणाचे सन्मानाचे आणि कुणाचे बदनामीचे, हे ठरलेलं आहे. आणि हे ठरवणारी माणसं दारात उभी नसतात. ती विश्वस्तांच्या बैठकीत बसलेली असतात.

पुरोहिताचा हक्क हा आपल्याकडे मालमत्तेचा हक्क होता, हे आता विस्मरणात गेलं आहे. गावजोशाचं काम हे वतन होतं, जसं पाटलाचं आणि कुलकर्ण्याचं. त्यामुळे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 1873 मध्ये भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा जोशांनी कांगावा नुसता धर्म बुडाल्याचा केला नाही, ते थेट कोर्टात गेले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्नं पुरोहिताविना लावली. जोशांचा दावा असा, की तुम्ही आम्हाला बोलवा वा न बोलवा, आमची दक्षिणा बुडवता येणार नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. देवाधर्माच्या शब्दांमागे काय दडलेलं असतं, हे त्या दाव्यानं जितकं स्वच्छ दाखवलं तितकं एखाद्या समाजशास्त्राच्या ग्रंथानंही दाखवलं नसेल.

कोल्हापुरातही तेच. वेदोक्त प्रकरण 1899 च्या सुमारास सुरू झालं ते मंत्र कोणते म्हणायचे यावरून, पण त्याला धार आली शाहू महाराजांनी राजोपाध्यांचं इनाम जप्त केल्यावर. शाहू महाराजांना वर्म नेमकं कळलं होतं. पुढे 1920 मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचं पीठ निर्माण केलं आणि ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी शाळा काढली. म्हणजे आधी उत्पन्न, मग पद आणि प्रशिक्षण. सामाजिक सत्ता कशी हलवायची याचा हा क्रम आजही शिकण्यासारखा आहे.

पण या सगळ्या लढाईत दक्षिणा एका पुरुषाच्या हातातून दुसऱ्या पुरुषाच्या हातात गेली. फुल्यांनी आपल्या विवाहविधीत वधूच्या तोंडी हक्काची मागणी घातली, ही त्या काळातली केवढी तरी मोठी गोष्ट. तरीही विधी चालवणारी बाई तिथेही दिसत नाही. ब्राह्मणेतर पुजाऱ्यांची देवस्थानं महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. शिवालयांत गुरव आहेत, तुळजापूरला भोपे आहेत. पूजेची पाळी तिथेही पुरुषांच्याच नावानं चालत आली. पुरोहितशाहीवर टीका करताना आपण ती एका जातीची गोष्ट म्हणून सांगतो, पण ती पुरुषांचीही गोष्ट आहे. पंढरपूरची रुक्मिणी घ्या किंवा तुळजापूरची भवानी घ्या, देवीला न्हाऊ घालणं, लुगडं नेसवणं, वेणीफणी, हे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचं काम होतं. ज्या समाजात परक्या बाईच्या पदराला हात लागला तरी गहजब होतो, त्या समाजात देवीच्या अंगावरचं वस्त्र बदलायला पुरुषच लागतो, हे कुणाला खटकलं नाही. उत्पन्नाची सवय झाली की विसंगती दिसेनाशी होते.

याबाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 1955 चा एक निकाल मला फार बोलका वाटतो. राजकली कुएर विरुद्ध राम रतन पांडे असं ते प्रकरण. पुजारी आणि पंडा यांच्या पदाचा वारसा स्त्रीला मिळू शकतो का, हा प्रश्न होता. न्यायालयानं सांगितलं, मिळू शकतो. केवळ स्त्री आहे म्हणून तिला त्या पदापासून आणि त्याच्या उत्पन्नापासून दूर ठेवता येणार नाही, विधी ती बदली माणसाकडून करवून घेऊ शकते. एका अर्थानं हा पुरोगामी निकाल आहे. वारसाहक्काच्या बाजूनं पाहिलं तर विधवेच्या किंवा मुलीच्या हाती उत्पन्न आलं. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. मालमत्ता म्हणून पद बाईकडे येऊ शकतं, कर्म म्हणून मात्र तिच्याकडे येण्याची गरज नाही. पैशाला विटाळ नाही, हाताला आहे. न्यायालयानं हे मुद्दाम केलं असं नव्हे. पद म्हणजे मालमत्ता अधिक कर्तव्य, हे धर्मसंस्थेचं जुनं गणित त्यांनी सोडवलं आणि उत्तर असं आलं.

मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 1980 च्या दशकात बीज आणि क्षेत्र या कल्पनेवर एक निबंध लिहिला, तो या जागी आठवतो. पुरुष बीज देतो, स्त्री ही जमीन. पीक कुणाचं, तर बीज पेरणाऱ्याचं. दुबे यांचं म्हणणं असं, की प्रजननाबद्दलची ही कल्पना म्हणजे निरुपद्रवी दंतकथा नव्हे. अपत्यावरचा, जमिनीवरचा आणि स्त्रीच्या श्रमावरचा पुरुषाचा हक्क तिच्यातून रास्त ठरवला जातो. देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्क याच तर्कावर उभे आहेत. गोव्यातल्या देवळांसाठी पोर्तुगीज राजवटीनं 1886 मध्ये महाजनी कायदा केला, 1933 मध्ये तो नव्यानं आणला आणि मुक्तीनंतरही देवस्थानांचा कारभार त्याच चौकटीत चालत राहिला. महाजन म्हणजे देऊळ स्थापन करणाऱ्या कुळांचे वंशज, आणि ही नोंद पुरुष वंशजांच्या नावानं चालत आली. त्या कुळातल्या लेकीसुना पालखीच्या दिवशी पंचखाद्य करतील, फुलांच्या माळा ओवतील, पण देवळाच्या जमिनीचं काय करायचं यावर मत द्यायचं तर नाव वहीत हवं.

धर्माच्या कामाबद्दल ज्यांना उघडपणे मोबदला मिळत होता अशा स्त्रिया आपल्याकडे नव्हत्या का? होत्या, आणि त्यांचं काय झालं हे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. खंडोबाच्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी, गोव्याच्या देवळांतल्या कलावंतिणी आणि भाविणी. देवापुढे गाणं, नाचणं, दिवा धरणं, चवरी ढाळणं हे त्यांचं काम होतं, आणि त्या कामाला जोडून होती त्यांच्या शरीरावरची गावातल्या सत्ताधाऱ्यांची मालकी. पुरुषाला धर्मसेवेचा मोबदला मिळाला की प्रतिष्ठा वाढते, बाईला मिळाला की तिची प्रतिष्ठा जाते, हा भेद इथे सगळ्यात नागडा दिसतो. आणि त्यात जात आहेच. मुरळी म्हणून सोडलेल्या मुली बहुतांशी दलित घरातल्या. पौरोहित्याच्या शिडीवर वर चढावं तशी शुद्धता आणि दक्षिणा, खाली उतरावं तसे श्रम आणि बदनामी.

शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 ते 1910 या काळात 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळीच्या चालीविरुद्ध लिहिलं. शिवूबाई नावाच्या मुरळीनं त्यांच्या पत्रात आपली कैफियत मांडली आणि पुढे तिचं लग्न लावून देण्यात आलं. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासींसमोर भाषण केलं. हे जिणं सोडा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. पोट कसं भरायचं असं तुम्ही विचाराल, पण ते मी सांगणार नाही, मार्ग पुष्कळ आहेत, असाही त्यांचा सूर होता. या भाषणावर नंतरच्या अभ्यासकांनी चर्चा केली आहे. मला स्वतःला त्यातला कठोरपणा समजतो. जी व्यवस्था मुलीचं लग्न देवाशी लावून तिला गावाला विकते, तिला पर्याय सापडेपर्यंत थांबा म्हणणं हा शोषणाला मुदतवाढ देण्याचाच प्रकार झाला असता.

पण पोटाचा प्रश्न शिल्लक राहिलाच. गोव्यात गोमंतक मराठा समाजानं मुलींना देवाला वाहण्याचा शेंसविधी बंद केला, मुलींना देवळातून बाहेर काढलं, शाळेत घातलं, आणि एका-दोन पिढ्यांत या समाजानं गायन, साहित्य, प्रशासन, राजकारण सगळीकडे माणसं दिली. हे यश लहान नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई मुंबईला गेल्या, मैफली जिंकल्या, दोघींनाही पद्मभूषण मिळालं. मात्र बाकीच्या शेकडो जणींनी जे सोडलं त्याच्या बदल्यात काय मिळालं, हा हिशोब कुणी मांडला? अमृत श्रीनिवासन यांनी तमिळनाडूतल्या देवदासींवर केलेल्या अभ्यासात एक अवघड गोष्ट दाखवली. सुधारणेनंतर देवदासींची कला उच्चवर्णीय मध्यमवर्गानं उचलली, तिला सोवळं करून घेतलं, आणि त्या समाजातल्या स्त्रियांच्या हाती असलेलं उत्पन्न आणि वारसा पुरुषांकडे सरकला. म्हणजे स्त्रियांच्या मुक्तीचा कायदा झाला आणि स्त्रियांच्या हातची साधनं गेली. हे वाचून देवदासी प्रथेचा उमाळा येणाऱ्या मंडळींची मला भीती वाटते. प्रथा गेली हे उत्तमच झालं. तक्रार एवढीच, की पुजाऱ्याचा हक्क काढून घेताना नुकसानभरपाईची भाषा होते, मुरळीचा मार्ग बंद करताना फक्त नीतीची.

आता प्रवेशाच्या लढ्यांकडे येऊ. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, त्यात स्त्रियांचा सहभाग मोठा होता. चार वर्षांनी, मार्च 1934 मध्ये, आंबेडकरांनी या सत्याग्रहातले आपले सहकारी भाऊराव गायकवाड यांना जे पत्र लिहिलं ते प्रत्येक प्रवेशवाद्यानं वाचायला हवं. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा सत्याग्रह मी सुरू केला नव्हता, समाजात चैतन्य यावं, आपली स्थिती कळावी म्हणून केला, आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावू या, असा त्याचा आशय. मंदिराचं दार हे त्यांच्या लेखी एक साधन होतं. त्या दाराशी किती काळ थांबायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

शनिशिंगणापूरच्या प्रकरणात नेमकी हीच जाण कमी पडली. नोव्हेंबर 2015 मध्ये एक महिला चौथऱ्यावर चढली, मग शुद्धीकरण झालं, जानेवारीत मोर्चा निघाला, तो वाटेत अडवला गेला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याचिका केली. उच्च न्यायालयानं राज्य सरकारला 1956 च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली, आणि 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. त्याच वर्षी मुंबईत हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं न्यायालयातून मिळवला. दोन्ही विजय खरे आहेत आणि ते मिळवणाऱ्यांनी शिव्याशाप सोसले आहेत. पण शिंगणापुरातली एक गंमत फारशी बोलली गेली नाही. वाद पेटलेला असताना, जानेवारी 2016 मध्ये, देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एका महिलेची निवड झाली. म्हणजे ट्रस्टच्या खुर्चीवर बाई आणि चौथऱ्यावर मज्जाव, आणि अध्यक्षबाईंनी सुरुवातीला परंपरेची बाजू घेतली.

हे उदाहरण माझ्याच मांडणीच्या विरुद्ध जातं, हे मला दिसतं. विश्वस्त मंडळात बाई आली म्हणून सत्ता आली असं होत नाही. सरपंचबाईच्या मागे सरपंचपती उभा असतो, हे आपण तीस वर्षं पाहिलं आहे. पण ग्रामपंचायतीतल्या त्याच तीस वर्षांनी दुसरंही दाखवलं: पहिली फेरी नावापुरती जाते, तिसऱ्या फेरीला बाई कागद वाचून सही करते. पंचायतींत ही सवय लागली कारण कायद्यानं जागा राखून ठेवल्या. देवस्थानांत ती लागलेली नाही.

ती सवय लावण्याचं सगळ्यात मोठं प्रयोगस्थळ पंढरपूर ठरू शकलं असतं. विठ्ठलाचे पुजारी बडवे आणि इतर सेवाधारी यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी नाडकर्णी आयोग नेमला गेला. देवापुढच्या उत्पन्नाचे दिवस बडव्यांमध्ये लिलावानं विकले जात. 1973 मध्ये वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा झाला आणि त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई चाळीस वर्षं चालून जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. एवढी वर्षं बडवे आणि रुक्मिणीचे पुजारी उत्पात श्रद्धेसाठी भांडत होते असं कुणी म्हणेल का? त्यानंतर मंदिर समितीनं पूजेच्या कामासाठी सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या. पगारी पुजारी ही कल्पना त्या दिवशी महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं जन्माला आली. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरासाठीही 2018 मध्ये पगारी पुजाऱ्यांचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी देवीला घागरा-चोळी नेसवण्यावरून शहर पेटलं होतं. लोक वस्त्रावरून भांडले आणि कायदा उत्पन्नाचा झाला, हे मला शुभलक्षण वाटतं.

पगार आला की प्रश्न बदलतात. पात्रता काय, परीक्षा कोण घेणार, रजा किती, मासिक पाळीच्या दिवसांत कामावर यायचं की नाही, प्रसूतीची रजा मिळणार का. हे शेवटचे दोन प्रश्न ऐकून हसू आलं असेल, तर ते हसू कशाचं आहे याचा विचार करावा. परिचारिकेबद्दल, शिक्षिकेबद्दल, बसच्या वाहकाबद्दल हेच प्रश्न एकेकाळी हास्यास्पद होते.

पुण्यातल्या स्त्री पुरोहितांची चळवळ इथे आठवणारच. मंगल कार्यालय चालवणारे शंकरराव थत्ते यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. नंतर ज्ञानप्रबोधिनीनं जातीची आणि लिंगाची अट न ठेवता पुरोहित घडवले. त्याच्या कितीतरी आधी साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात गोदावरी मातांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया यज्ञ करत होत्या, मात्र तिथे त्यासाठी आजन्म ब्रह्मचर्य पत्करावं लागे. पुण्याच्या गृहिणींनी ती किंमत मोडीत काढली. संसार सांभाळून त्या लग्नं, मुंजी, वास्तुशांती करू लागल्या. विरोध झाला, मग कौतुक झालं, आता ते अंगवळणी पडलं आहे.

या कौतुकाचे शब्द ऐका. बायका घाई करत नाहीत. अर्थ समजावून सांगतात. दक्षिणेवरून घासाघीस करत नाहीत, द्याल ते घेतात, कित्येक जणी ती रक्कम समाजकार्याला देतात. यातली पहिली दोन वाक्यं कौशल्याची आहेत. उरलेली वाक्यं ऐकली की मी सावध होतो. बाई पुरोहित झाली की पौरोहित्य पुन्हा सेवा होतं. घरच्या उत्पन्नाची ददात नसलेल्या मध्यमवर्गीय, बहुतांशी ब्राह्मण स्त्रियांना ते परवडतं. ज्या दलित किंवा भटक्या समाजातल्या मुलीला पौरोहित्यावर घर चालवायचं असेल, तिच्यासाठी या उदारपणानं बाजारभाव पाडून ठेवलेला असतो. महिला भजनी मंडळांचं तर विचारूच नका. बुवांना बिदागीचं पाकीट आणि मंडळाला नारळ, ब्लाउजपीस. कीर्तनात मात्र चित्र पालटतंय. तरुण महिला कीर्तनकार तारखा देतात, बिदागी ठरवून घेतात, आणि त्यावरून नाकं मुरडली जातात. ही नाकं पुरुष कीर्तनकारांच्या बिदागीच्या वेळी कुठे असतात कोण जाणे.

यावर ठरलेला आक्षेप आहे: भक्तीचा हिशोब कसला करता? जनाबाईच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला तो काय मजुरी ठरवून? आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. मंगळागौर जागवणाऱ्या मुलीला ओव्हरटाइम द्या असं माझं म्हणणं नाही. आनंदानं केलेली गोष्ट आनंदाचीच राहू दे. आणि जनाबाईचा दाखला मला उलट सोयीचा आहे. तिच्या देवाला दळणकांडण हे काम वाटलं, त्यात हातभार लावावासा वाटला. ज्या देवानं दासीचं दळण दळलं, त्याच्या देवळात तिच्यासारख्या बायकांचे श्रम कुणाच्या वहीत नाहीत. निष्काम सेवेचा उपदेश आपल्याकडे नेमका ज्याला मोबदला मिळत नाही त्यालाच केला जातो. बडव्यांना तो कुणी केला नव्हता.

स्त्रिया म्हणून सरसकट बोलण्यातही धोका आहे. हळदीकुंकवात बसणाऱ्या बाईची धार्मिक पात्रता नवऱ्याच्या श्वासावर अवलंबून असते, तो थांबला की तीच बाई ओवाळायलाही नको असते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा एकविसाव्या शतकात ठराव करावा लागतो याचीच बातमी झाली. इरावती कर्व्यांनी 'परिपूर्ती'मधल्या वारीवरच्या लेखात एकाच दिंडीत जातीनुसार वेगळा शिजणारा स्वयंपाक टिपला होता. आजच्या वारीत पंगती बदलल्या आहेत. डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेली बाई कॅमेऱ्यांची लाडकी आहे, वीणा आणि चोपदाराची काठी मात्र अजून पुरुषांच्याच हातात जास्त दिसते. आणि वारी पुढे सरकल्यावर मागे जे उरतं ते साफ करणारे हात कुणाचे? पंढरपुरात वारीच्या काळात मानवी मैला हातानं उचलला जातो, हा प्रश्न उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून मांडावा लागला. ते कामही देवाच्या दारातलंच. त्याला सेवा म्हणून गौरवणारं भाषण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे. देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांत पंचायतीसारख्या राखीव जागा हव्यात. सरकारनियुक्त समित्यांत तर उद्या करता येतील. पगारी पुजाऱ्यांच्या भरतीत स्त्रियांचे अर्ज मागवणं पुरेसं नाही, नेमणुका किती झाल्या हे जाहीर व्हायला हवं. आणि वेळ-वापराच्या पुढच्या पाहणीत धर्मासाठी केलेल्या कामाला, ते स्वयंपाकघरात झालेलं असो की देवघरात, स्वतंत्र रकाना हवा.

यासाठी सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातला प्रत्येक नोंदणीकृत सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. त्याच्या परिशिष्ट एकचा उतारा अर्ज करून मिळतो, विश्वस्तांची नावं त्यात असतात, वार्षिक हिशोबपत्रकंही सादर झालेली असतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधत हिंडण्यापेक्षा आपल्या तालुक्यातली पंचवीस देवस्थानं, दर्गे आणि मठ निवडावेत. विश्वस्त किती आणि त्यांत स्त्रिया किती, पगारावर कोण, मानधनावर कोण आणि फुकट राबणारं कोण, एवढी चार कोष्टकं भरावीत आणि ती स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावीत.